गॅरी लिनेकरचा ४९ वा गोल नेमका कुठे हुकला?

१७ मे १९९२, वेम्ब्ली, इंग्लंडचा स्ट्रायकर लिनेकरला मिळालेली ब्राझीलविरुद्धची पेनल्टी. इंग्लंडकडून सर्वाधिक गोलांचा बॉबी चार्लटनचा तेव्हाचा ४९ गोलांचा विक्रम तिथेच गाठला जायला हवा होता. तेव्हा लिनेकरच्या नावावर ४८ गोल होते. तो जोर न लावता चेंडू अलगद उचलून मारायला गेला आणि चेंडू सरळ गोलकीपर कार्लोसच्या हातात. रेकॉर्डिंग पाहिलंत तर कळेल, इतका लुळा फटका त्याच्याकडून क्वचितच गेला असेल.

युरो ९२ (युरोपीय देशांची फुटबॉल स्पर्धा) नंतर इंग्लंडकडून खेळणार नाही, हे त्याने आधीच सांगून टाकलं होतं, त्यामुळे उरली फक्त ती स्पर्धा. तिथे डेन्मार्क आणि फ्रान्स दोघांशी ०-०. तिसरा सामना स्वीडनशी. १-१ अशी बरोबरी असताना मॅनेजर ग्रॅहम टेलरने कॅप्टन लिनेकरलाच बाहेर काढून अ‍ॅलन स्मिथला उतरवलं. इंग्लंडला गोल हवा असताना सगळ्यात हुकमी गोल करणारा बाकावर! पुढे स्वीडनच्या ब्रोलिनच्या गोलने इंग्लंड २-१ हरलं आणि स्पर्धेबाहेर गेलं.

मात्र सगळं खापर टेलरवर फोडणं बरोबर नाही. त्या युरोत लिनेकरला एकही गोल करता आला नव्हता. इंग्लंडचा एकुलता एक गोल प्लॅटचा. आणि आकडे पाहायचेच तर चार्लटनला ४९ गोलांसाठी १०६ सामने लागले, लिनेकरचे ४८ गोल ८० सामन्यांतले.