डाव्या हाताचं काय करू?

प्रश्न : भजनी मंडळात पंधरा वर्षं पेटी वाजवतोय. पोरीसाठी कीबोर्ड आणला आणि मलाच नाद लागला. उजव्या हाताला जो सूर येईल त्याचीच कॉर्ड डाव्या हाताने दाबतो, पण गाणं नुसतं हेलकावे खातं. कुठे चुकतंय?
— एक वाचक, सांगली

उत्तर : अहो, पेटीवर डावा हात भात्याला जुंपलेला असतो, इथे तो रिकामा झाला म्हणून त्याला प्रत्येक सुरामागे पळवायचं का? पांढरी एकचा, म्हणजे कीबोर्डवरच्या C चा, सा धरा. कॉर्ड म्हणजे एक सोडून एक असे तीन सूर, म्हणजे सा-ग-प, म-ध-सां, प-नी-रें (टिंब म्हणजे वरच्या सप्तकातला सूर), आणि या तिघींत सातही शुद्ध सूर येऊन जातात, त्यामुळे बरीच साधी गाणी तेवढ्यावर निभतात. काळ्या-पांढऱ्या सगळ्या पट्ट्या मोजा, सापासून ग चार पट्ट्या पुढे, तिथून प तीन, ही मेजर. उलटं झालं, आधी तीन मग चार, की मायनर, जशी ध-सां-गं.

आता उजव्या हाताने वरचा सां दाबून ठेवा, सोडायचा नाही. डाव्याने खाली सा-ग-प, मग म-ध-सा, मग ध-सा-ग. सूर तोच, पण तिन्ही वेळा वेगळाच वाटतो ना? म्हणजे कॉर्ड सुरावरून ठरत नाही, ओळ त्या क्षणी कुठे पोचलीय त्यावरून ठरते. तुम्हाला तबल्याच्या भाषेत सांगतो, सा-ग-प ही सम, म्हणजे ताल जिथे येऊन टेकतो ती पहिली मात्रा, म-ध-सा म्हणजे समेपासून लांब जाणं, आणि प-नी-रें म्हणजे तिहाई, तीनदा वाजवून समेवर आणणारा तुकडा. या प-नी-रेंमध्ये वरचा म टाकून बघा, नी सांकडे ओढतो, म गकडे, दोघंही एकेकच पट्टी लांब, मध्येच थांबलात तर घरातलं कुणीतरी येऊन सा दाबून जाईल. आणि तिहाईनंतर सा-ग-पच्या जागी ध-सा-ग दाबलीत तर सम हुकवल्याची गंमत येते, दोन सूर तेच असल्याने खटकत मात्र नाही.

भूप रागात जरा जपून हं. तिथे म आणि नी नाहीत, त्यामुळे पूर्ण बसतात त्या कॉर्ड दोनच, सा-ग-प आणि ध-सा-ग. प-नी-रें दाबलीत की डाव्या हाताने नी आत घुसला आणि मंडळातले जुने गवई मान वळवून बघणार. नी गाळून नुसतं प-रें दाबा, ओढ कमी होते पण राग शाबूत राहतो.

सध्या एका ओळीला दोनच कॉर्ड लावा, त्याही मात्रा बघून.