‘आमच्या रक्तातच साखर आहे, मॅडम’

“आजीला मधुमेह होता, वडिलांना होता, थोरल्या भावाला चाळिशीतच गोळ्या लागल्या. आमच्या रक्तातच साखर आहे, मॅडम. मग पथ्य पाळून असा काय फरक पडणार?”

हा प्रश्न मला सतत ऐकायला मिळतो आणि दरवेळी त्यामागे आळस नाही, भीती असते. हे गृहस्थ 46 वर्षांचे, तालुक्याच्या गावी हार्डवेअरचं दुकान. एचबीएवनसी, म्हणजे रक्तातल्या साखरेची एक तपासणी, 6.2 आलं होतं. 5.7 ते 6.4 म्हणजे मधुमेहाचा उंबरठा, 6.5 पासून पुढे मधुमेह. वडिलांचा पाय गुडघ्याखाली काढावा लागला होता आणि ड्रेसिंग यांनीच केलं होतं. ते सांगताना त्यांचा आवाज बसला.

आनुवंशिकता खरीच आहे, तसं मी सांगितलंही. पण चेन्नईच्या संशोधकांनी 2006 साली प्रसिद्ध केलेला एक अभ्यास मी अशा वेळी पुढे ठेवते. उंबरठ्यावरच्या 531 भारतीयांचा. ज्यांना फक्त नेहमीचा सल्ला मिळाला, त्यांच्यातल्या 100 पैकी 55 जणांना तीन वर्षांत मधुमेह झाला. ज्यांच्या खाण्याकडे आणि चालण्याकडे नीट लक्ष दिलं गेलं, त्यांच्यात हेच प्रमाण 39 होतं. हमी कुणालाच नाही. पण शंभरातली सोळा माणसं वाचतात, ही माझ्या लेखी फार मोठी गोष्ट आहे.

मग त्यांचा दिवस विचारला. “गोड बंद केलंय” हे पहिलं वाक्य. वहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, शेजारीच बसल्या होत्या, त्या म्हणाल्या, “आणि दुकानातला चहा?” गिऱ्हाईक आलं की चहा, व्यापारी आला की चहा. मोजले तर आठ कप निघाले, प्रत्येकात दीड चमचा साखर. म्हणजे बारा चमचे, जवळजवळ 50 ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दिवसाला 25 ग्रॅमच्या आत राहिलं तर उत्तम. घरी साखरेऐवजी गूळ आणला होता. रक्तातली साखर गुळानेही वाढतेच. चतुर्थी-एकादशीला साबुदाण्याची खिचडी, वर बटाट्याची भाजी. उपवास म्हणून खातो, पण तो जवळजवळ निव्वळ स्टार्च.

कंबर 98 सेंटिमीटर भरली. भारतीय पुरुषांसाठी ती 90 च्या आत असावी.

ओट्स, जिम यातलं मी काहीच सुचवलं नाही. जे माणसाच्या दिवसात बसत नाही ते पंधरा दिवसांत सुटतं, असं माझं ठाम मत आहे. चहा दोनच वेळा, तोही अर्धा चमचा साखरेचा. बाकी वेळी गिऱ्हाइकाला चहा, आपल्याला ताक. दुपारी घरी जेवून स्कूटरवर दुकानात यायचे, ते पंधरा मिनिटं चालत यायचं, कारण जेवणानंतर चालताना मांड्या-पोटऱ्यांचे स्नायू रक्तातली साखर वापरून टाकतात.

खरी अडचण रात्रीची होती. दुकान साडेनऊला बंद, जेवण साडेदहाला, पोटात कावळे ओरडत असल्याने चार पोळ्या आणि भात, आणि लगेच अंथरूण. तोडगा वहिनींनीच काढला: साडेसातला मुलाच्या हाती डबा. दीड भाकरी, पालेभाजी, मटकीची उसळ, काकडी-कांदा. घरी आल्यावर भूक असेल तर वाटीभर वरण. दुकानात सगळ्यांसमोर डबा उघडायला त्यांना आधी संकोच वाटला. मग शेजारचे कापडवालेही डबा घेऊन येऊ लागले.

एचबीएवनसी साधारण तीन महिन्यांची सरासरी सांगतं, म्हणून तीन महिन्यांनी पुन्हा तपासलं. 5.9. वजन चार किलो उतरलं होतं. लग्नसराईत गडबड झाली, चहा पाचवर गेला, पुन्हा खाली आणला. उंबरठा अजून सुटलेला नाही, दरवर्षी तपासणी करावीच लागेल, हे त्यांना पटलंय.

आता थोरल्या भावाला हाच डबा सुरू करायचा म्हणतात. त्यांना मी थांबवलंय. काही गोळ्या चालू असताना जेवण एकदम कमी केलं तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. आधी त्यांच्या डॉक्टरांना भेटा, मग डबा.