चार भाषा, तीन प्लॅटफॉर्म: प्रत्येक बदलानंतर सगळं तपासायचं कसं?

तुमचा प्रश्न असा: बडोद्यात चौघांची टीम, घरपोच किराण्याचं ॲप, मराठी-गुजराती-हिंदी-इंग्रजी अशा भाषा, अँड्रॉइड, आयफोन आणि वेब. ॲपमधल्या प्रत्येक बदलानंतर हाताने तपासण्यात दोन दिवस जातात, तरी मराठीच्याच तक्रारी जास्त का?

आधी तो दोन दिवसांचा हिशेब मोडा. भाषा ४, प्लॅटफॉर्म ३, फोनची स्वतःची भाषा ३ आणि अक्षरांचा आकार २ धरले की ७२ प्रकार होतात. यातल्या कुठल्याही दोन गोष्टींची प्रत्येक जोडी एकदा तरी यावी एवढंच बघितलं, तर १२ प्रकारांत काम भागतं. मायक्रोसॉफ्टचं पिक्ट नावाचं मोफत साधन अशी यादी काढून देतं. एखाद-दुसरी ओळ जास्त आली तरी चालेल. वाचलेला वेळ टेस्ट डेटावर (तपासताना टाकायच्या नमुन्याच्या मजकुरावर) घाला, कारण मराठीचं दुखणं तिथे आहे. 'टेस्ट १' टाकून काही कळत नाही.

सर्चमध्ये 'पुऱ्या' टाकून बघा. हा शब्द दोन प्रकारे साठवला जातो: एकदा स्वतंत्र ऱ आणि हलन्त (पाय मोडल्याची खूण), एकदा साधा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारा झेडडब्ल्यूजे (अक्षरं जोडणारं अदृश्य चिन्ह). पडद्यावर दोन्ही अगदी सारखे, पण डेटाबेसला वेगळे. कोणता प्रकार येणार हे कीबोर्डवर अवलंबून. एनएफसी नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करणारी प्रक्रिया) केलं तरी हे दोन एक होत नाहीत, कारण युनिकोडच्या (अक्षरांना क्रमांक देणाऱ्या मानकाच्या) लेखी ते समतुल्य नाहीत. आणि अदृश्य अक्षरं सरसकट काढून टाकणारं फंक्शन लावलंत, तर 'पुर्या' होऊन रफार डोक्यावर चढतो. म्हणून साठवताना आणि शोधताना झेडडब्ल्यूजेचा प्रकार ऱ मध्ये बदलणारा नियम स्वतः लिहा आणि त्याची युनिट टेस्ट (फक्त तेवढाच तुकडा तपासणारी चाचणी) ठेवा. 'ॲ'चंही तेच: एकसंध अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं, त्याआधीचा मजकूर अ आणि चंद्र मिळून लिहिलेला असतो.

दुसरी जागा आकड्यांची. मराठी लोकेलमध्ये (भाषा-प्रदेशाच्या सेटिंगमध्ये) आकडे आपोआप देवनागरी होतात, हिंदी-गुजरातीत तसं होत नाही. त्यामुळे हिंदीत पास झालेली टेस्ट मराठीबद्दल काहीच सांगत नाही. अँड्रॉइडवर लोकेल न देता स्ट्रिंग फॉरमॅट केली (आकडा मजकुरात बसवला) आणि फोन मराठीत असला, की सर्व्हरला '५००' देवनागरीतच जाऊ शकतं, ॲपची भाषा इंग्रजी ठेवली असली तरी. पायथॉनचं इंट हे फंक्शन ते बिनतक्रार वाचतं, जावास्क्रिप्टचं नंबर मात्र 'नॅन' (म्हणजे 'ही संख्या नाही') देतं. म्हणजे चूक एका ठिकाणी, फुटतं भलत्याच ठिकाणी. यंत्राने वाचायच्या प्रत्येक ठिकाणी लोकेल रूट (कोणत्याही भाषेशी न बांधलेलं) द्या. माणसाला दिसणारा आकडा हवा तसा ठेवा.

अनेकवचनं ०, १ आणि २ अशा तिन्ही संख्यांवर तपासा. हिंदी आणि गुजरातीत ० ला 'एक'चाच नियम लागतो. एसएमएस देवनागरीत गेला की एका संदेशात १६० ऐवजी ७० अक्षरं मावतात. ओटीपीचा मजकूर त्यात बसतो का ते मोजा. पत्ता कापताना 'दांडिया बाजार, दुसऱ्या मजल्यावर' हा नमुना ठेवा: कोड पॉइंट (युनिकोडचे सुटे घटक) मोजून कापलं तर शेवटी लोंबता हलन्त उरू शकतो.

स्क्रीनशॉटची तुलना सीआयवर (बदल आला की चाचण्या आपोआप चालवणाऱ्या यंत्रणेवर) करत असाल, तर तिथल्या लिनक्सच्या कोऱ्या इमेजमध्ये (सिस्टिमच्या तयार प्रतीत) देवनागरी-गुजराती फॉन्ट बहुधा नसतात. सगळीकडे चौकोन येतात, आणि चौकोनांची चौकोनांशी तुलना पास होते! नोटो हे फॉन्ट आधी टाका, मगच मूळ चित्रं साठवा. बटणाची उंची ठरीव असेल तर 'चिठ्ठी'ची वेलांटी वरून कापली जाते. मोठ्या अक्षरांवर हे लगेच दिसतं.

फॉन्ट किंवा आकडे-तारखांची लायब्ररी बदलाल, तेव्हा मात्र १२ वर थांबू नका. त्या रात्री सीआयवर ७२ च्या ७२ लावून द्या.