वेब फॉर्मच्या ड्रॉपडाउनला (निवडीच्या यादीला) रिक्वायर्ड, म्हणजे ‘भरणं सक्तीचं’, लावलंय, तरी ‘तालुका निवडा’ तसंच ठेवून फॉर्म सबमिट होतो. काय करावं?

तुमच्या त्या पहिल्या ऑप्शनची व्हॅल्यू, म्हणजे निवडल्यावर सर्व्हरकडं (अर्ज जिथं जमा होतो त्या संगणकाकडं) जाणारा मजकूर, रिकामी नसणार. शून्य किंवा उणे एक ठेवलं की ब्राउझरच्या लेखी तिथं उत्तर आलं. व्हॅल्यू लिहिलीच नाही तर दिसणारा मजकूरच व्हॅल्यू होतो आणि डेटाबेसमध्ये ‘तालुका निवडा’ नावाचा तालुका जमा होतो. व्हॅल्यू लिहा, पण रिकामी: value="". दोन अवतरणांमध्ये स्पेससुद्धा ठेवू नका. ही ओळ यादीत पहिलीच हवी.

पण हात जोडून सांगतो, कटकट नको म्हणून ‘निवडा’ची ओळच काढून टाकू नका. मी ते केलंय.

संभाजीनगरला पहिल्या नोकरीत एका वसतिगृहाचा प्रवेश अर्ज माझ्याकडं होता. बीड जिल्हा निवडला की ११ तालुके यायचे. वरिष्ठ म्हणाले, “रिकामी ओळ कशाला? लोक अडकतात, फोन करतात. पहिला तालुका निवडूनच ठेव.” मी दोनदा नको म्हणालो, तिसऱ्यांदा गप्प बसलो. यादीत पहिलं नाव अंबाजोगाई.

माझ्या मामाच्या मुलीनं तोच अर्ज मोबाइलवर भरला. ती धारूरची. तालुक्याचा रकाना भरलेला दिसला, ती पुढं गेली. रहिवासी दाखल्यावर धारूर, अर्जात अंबाजोगाई, अर्ज बाद. मामा एसटीनं आले, दुरुस्तीच्या रांगेत दिवसभर उभे राहिले. रात्री जेवताना म्हणाले, “पोरीनं तर तिथं हातच लावला न्हाई, मग धारूरचं आंबाजोगाई केलं कुणी?” माझा घास हातातच राहिला.

वरिष्ठ म्हणाले, मुलीनं नीट बघायला हवं होतं. मला ते आजही पटत नाही. रकाना रिकामा असता तर तिच्या नजरेत भरला असता. शिवाय खरे अंबाजोगाईचे किती आणि न निवडलेले किती, हे नंतर डेटाबेसवरच्या कुठल्याच क्वेरीनं (शोधानं) वेगळं काढता आलं नाही.

हां, ‘निवडा’ला डिसेबल्ड (निवडता न येणारं) केलंत तर रिक्वायर्ड नसताना ते फील्ड सर्व्हरकडं रिकामं येत नाही, येतच नाही. रिकामं आलं का आणि आलंच नाही का, दोन्ही तपासा. आलेला तालुका त्याच जिल्ह्याचा आहे का, हेही सर्व्हरवरच बघा. ब्राउझरची तपासणी कुणालाही बंद करता येते.

आणि फोन येतात म्हणून कुणी पहिला ऑप्शन निवडून ठेवायला सांगितलंच, तर तसं लेखी मागा. मी मागितलं नव्हतं.