परीक्षण लिहायला बसलास, तर हे ध्यानात ठेव

पुस्तकांची, सिनेमांची परीक्षणं लिहायला लागलास ते बरं केलंस, पण तुझ्या परीक्षणात अर्धी जागा गोष्ट सांगण्यातच गेली. थरारकथेची गोष्ट पहिल्या पाव भागापर्यंतच सांगावी. पुढे बांधणीवर बोल: धागा कुठे पेरला होता, उलगडा झाल्यावर मागे वळून बघितलं तर तो सापडतो का? सापडत नसेल तर लेखकाने सरळ फसवलंय, तसं लिही.

रूपांतराचं म्हणशील तर ‘दृश्यम’ बघ. २०१३चा मल्याळम चित्रपट केरळात घडतो, २०१५चा हिंदी आपल्या गोव्यात. ‘यात खरा गोवा कुठाय’ यावर आपण तासभर भांडू (आणि भांडावंही!), पण परीक्षकाने पाहायचं ते वेगळं. बसचं तिकीट, हॉटेलचं बिल, असल्या चिटोऱ्यांवर नायकाच्या कुटुंबाची ‘आम्ही त्या दिवशी गावात नव्हतोच’ ही अख्खी साक्ष उभी आहे. नव्या मातीत ती टिकते का? माझ्या मते टिकते, कारण इथेही गावात सगळे एकमेकांना ओळखतात.

अद्भुतकथेत फक्त जादूचे नियम तपास. शेवटाला नायकासाठी मोडले असतील तर सोडू नको.

आणि सिनेमापेक्षा ‘पुस्तकच भारी’ म्हणण्याआधी पुस्तक वाच. पणजीत पाटोवरच्या सेंट्रल लायब्ररीत आधी विचार, विकत नंतर घे.