मॉडेल लिहिलं की स्क्रीन आपोआप तयार होतात, हे कितपत खरं?

होतात, पण मॉडेल, म्हणजे यंत्राला कळेल असं नेमकं वर्णन, कशाचं लिहिता त्यावर सगळं आहे. तुम्ही विचारलंय की डेटाबेसचा आराखडा हाताशी आहे, तर त्यावरूनच ॲपचे सगळे स्क्रीन का तयार करू नयेत? मी कोल्हापुरात दूध संस्थांसाठी सॉफ्टवेअर करतो, म्हणून तिथलंच सांगतो.

संकलनाची नोंद म्हणजे सभासद क्रमांक, गाय की म्हैस, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकी घन घटक). जँगो या वेब ॲप बनवायच्या साधनातल्या ॲडमिनला एवढं सांगितलं की फॉर्म तयार. पण सभासदांचं टेबल वेगळं, म्हणून तिथं तो मुकाट्यानं ड्रॉपडाऊन टाकतो. पहाटे किटल्यांची रांग, ऑपरेटरची बोटं ओली. त्याला नंबर दाबून एंटर मारायचं असतं. शेकडो नावांची यादी सरकवायला लावलीत तर रांग तुमचा उद्धार करील. ड्रॉपडाऊन कोडच्या एका ओळीत हटवता येतो हो, पण घाई आणि क्रम डेटाच्या मॉडेलमध्ये लिहिलेलेच नसतात.

त्यासाठी कामाचं मॉडेल लागतं. इटलीतल्या फाबिओ पातेर्नो यांच्या कॉन्करटास्कट्रीज पद्धतीत काम फांद्याफांद्यांनी फोडतात आणि नातं सांगतात: हे झाल्यावरच ते, दोन्हीपैकी एक, किंवा कुठलंही आधी. म्हणजे सभासद ठरल्याशिवाय पुढं जायचं नाही, लिटर-फॅट मागंपुढं चालेल, दर शेवटी. त्यावरून आधी फक्त ‘इथं एक निवडायचं’ एवढंच ठरतं. मग तीच गाय-म्हैस निवड संगणकावर १ किंवा २ ची कळ होते, फोनवर दोन मोठी बटणं.

कळ की बटण हे यंत्रानं कसं ठरवायचं? मला सगळ्यात पटलं ते वॉशिंग्टन विद्यापीठातल्या गायोस आणि वेल्ड यांचं २००४ चं ‘सपल’ हे स्क्रीन बनवणारं सॉफ्टवेअर. वापरणाऱ्याला पडणारे कष्ट आकड्यात मांडायचे आणि स्क्रीनवर मावेल अशी सगळ्यात कमी कष्टाची मांडणी शोधायची. पुढं हात नीट चालत नाहीत अशांसाठी ज्याच्या त्याच्या हालचाली मोजून त्यांनी स्क्रीन तयार केले. तिथं माणूस यंत्राला पुरा पडणार नाही.

तरी रोजच्या धंद्यात हे फारसं रुळलं नाही. मॉडेलमध्ये एक शब्द बदलला की स्क्रीनवर काय हलेल याचा भरवसा नसतो, आणि हातानं केलेली डागडुजी पुन्हा जनरेट केल्यावर पुसली जाते.

तुमच्या जागी मी सभासद नोंदणी, दरपत्रक, बिलाचे अहवाल बिनधास्त जनरेट करीन. संकलनाचा स्क्रीन मात्र हातानं, ऑपरेटरशेजारी बसून. आणि जनरेट झालेल्या फाइलीला हात लावू नका, तुमचे बदल वेगळ्या फाइलीत ठेवा.