दोन शिष्यवृत्त्यांची तुलना करताना चारही वर्षांचा हिशेब मांडावा

आपल्या कन्येला अमेरिकेत अर्थशास्त्र आणि कलेचा इतिहास हे दोन्ही विषय शिकायचे आहेत. ओहायोतील महाविद्यालयाने गुणवत्तेवर वर्षाला 30 हजार डॉलर देऊ केले आहेत, तर मिनेसोटातील महाविद्यालयाने घरची आर्थिक स्थिती पाहून 48 हजार. एकूण वार्षिक खर्च अनुक्रमे 68 आणि 82 हजार, म्हणजे घरून भरायचे 38 किंवा 34 हजार. फरक थोडाच आहे आणि गुणवत्तेचा मान मोठा आहे, म्हणून आपला कल ओहायोकडे आहे, असे आपण लिहिले आहे. बडोद्यातील काही मराठी कुटुंबांसोबत बसून मी अशी पत्रे वाचली आहेत, आणि माझ्या मते हा निर्णय पहिल्या वर्षाच्या आकड्यावर घेऊ नये.

गुणवत्तेची शिष्यवृत्ती बहुधा चारही वर्षे तेवढ्याच रकमेची राहते, पण शुल्क, वसतिगृह आणि भोजन यांचा खर्च जवळजवळ दरवर्षी वाढतो. ही वाढ चार टक्के धरली, तर ओहायोचा 68 हजारांचा खर्च चौथ्या वर्षी साडेशहात्तर हजारांच्या घरात जातो. 30 हजार मात्र 30 हजारच राहतात, आणि चार वर्षांत आपल्या आजच्या अंदाजापेक्षा सुमारे 17 हजार डॉलर जास्त भरावे लागतात. त्यात रुपयाची घसरण मिळवावी: दहा वर्षांपूर्वी 65 रुपयांच्या आसपास असलेला डॉलर आज 85 च्या पुढे गेला आहे. मिनेसोटाची मदत गरजेवर आधारलेली असल्यामुळे ती खर्चाबरोबर वाढू शकते; पण परदेशी विद्यार्थ्यांची मदत प्रवेशाच्या वेळीच कायमची ठरवून टाकणारी महाविद्यालयेही आहेत. म्हणून ‘शुल्क वाढले तर अनुदान वाढेल का, आणि आमचे उत्पन्न बदलले तर काय होईल’ हे कन्येने स्वतः आर्थिक मदत कार्यालयाला लिहून विचारावे आणि उत्तर लेखीच घ्यावे.

त्या 48 हजारांत कर्ज किंवा विद्यार्थी-नोकरीची अपेक्षित कमाई धरली आहे का, हेही पाहावे. एफ-1 या विद्यार्थी-व्हिसावर सत्र चालू असताना आवारात आठवड्याला 20 तासच काम करता येते, आणि तो पगार हळूहळू हाती येतो. सत्राच्या सुरुवातीच्या बिलातून तो वजा होत नाही. आरोग्यविमा दोन्हीकडे एकूण खर्चात धरला आहे का, तेही तपासावे.

अटींकडे आपल्या बडोद्याने तरी दुर्लक्ष करू नये. सयाजीराव महाराजांनी 1913 मध्ये बाबासाहेब आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली, तेव्हा त्या करारातही परतल्यावर दहा वर्षे संस्थानची सेवा करण्याची अट होतीच. ओहायोच्या पत्रात किमान सरासरी श्रेणीची अट असेल, तर एखादे सत्र ती हुकल्यास सावरण्याची संधी मिळते की रक्कम लगेच थांबते, हे जाणून घ्यावे. वेगवेगळ्या शाखांचे विषय एकत्र शिकता येणाऱ्या अशा महाविद्यालयात जाण्याचे मोठे प्रयोजनच अनोळखी विषय घेऊन पाहणे हे आहे. शिष्यवृत्ती जाईल या धास्तीने मुलगी सोपेच विषय निवडू लागली, तर तिच्या शिक्षणाचे फार मोठे नुकसान होईल, आणि मला पैशांहून याचीच काळजी अधिक वाटते.

दोन्हीकडचा अर्थशास्त्राचा अभ्यासक्रम ‘स्टेम’ (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) वर्गात नोंदलेला आहे का, हेही विचारावे. सध्याच्या नियमांनुसार पदवीनंतर अमेरिकेत 12 महिने काम करता येते, आणि स्टेम पदवीला आणखी 24 महिने मिळू शकतात. शैक्षणिक कर्ज काढणार असाल, तर ते फेडण्याच्या दृष्टीने हा फरक लहान नाही.

आज आपल्या जागी मी असतो, तर अनुदान खर्चाबरोबर वाढेल असे मिनेसोटाने लेखी कळवल्यास तेच निवडले असते. तसे उत्तर आले नाही, तर ओहायोला दुसऱ्या प्रस्तावाची प्रत जोडून रकमेचा फेरविचार करण्याची विनंती करावी. होकार कळवण्याची मुदत सहसा 1 मे असते, त्यामुळे चौकशीची पत्रे दोन्हीकडे याच आठवड्यात गेलेली बरी.